रस्त्याची भूमिति

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या वर्गांत आम्ही वर्तुळाचें प्रकरण शिकवीत होतों. वर्तुळाच्या केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेस दुभागतो, हा सिद्धांत फळ्यावर सिद्ध करून झाला, तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, हें शिकून पुढें काय करावयाचें?" हा प्रश्न आम्हांस नवा नाहीं. वीस वर्षांच्या नोकरींत तो अनेक वेळां कानीं आला आहे व त्याचें उत्तरही ठरलेलें आहे: बुद्धीस वळण लागतें, तर्कशक्ति वाढते, इत्यादि. परंतु त्या दिवशीं तें ठरलेलें उत्तर आमच्या तोंडून निघेना. आदल्याच आठवड्यांत, आमच्या शाळेंतून तीन वर्षांपूर्वीं दहावी उत्तीर्ण होऊन गेलेला एक तरुण गांवाबाहेरील वळणावर मोटारसायकलवरून पडून दगावला होता. संध्याकाळची वेळ होती व पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. लोक म्हणाले, पोरगा वेगांत होता. तें खरेंही असेल. परंतु त्याच वळणावर त्याच्यापूर्वींही माणसें पडलीं होतीं. आणि एकाच जागीं निरनिराळीं माणसें पडूं लागलीं, म्हणजे सारा दोष माणसांचाच आहे असें म्हणून स्वस्थ बसतां येत नाहीं. म्हणून आम्ही वर्गास सांगितलें कीं, येत्या शनिवारीं सुतळी व मोजपट्टी घेऊन आपण त्या वळणावर जाऊं आणि या प्रश्नाचें उत्तर तेथेंच शोधूं.

तेथें काय सांपडलें तें शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं रस्ता ही वस्तु काय आहे, व ती करणारास कशाकशाचा विचार करावा लागतो, हें वाचकांनीं समजून घेतलें पाहिजे.

जुन्नराहून कोंकणांत उतरणारा नाणेघाट आमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. त्याच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. म्हणजे ही वाट सुमारें दोन हजार वर्षें वाहती आहे. तेथील वाट म्हणजे दगडांच्या पायऱ्या. मनुष्यास त्या चालतात, पाठीवर गोणी घेतलेल्या बैलासही चालतात, कारण पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवतां येतो. चाकाचें तसें नाहीं. चाक जमीन कधींच सोडीत नाहीं. त्यास पायरी नको, खांच नको, एकाएकीं वळण नको. ज्या दिवशीं मनुष्यानें पाठीवरचें ओझें उतरवून चाकावर ठेवलें, त्या दिवशीं वाटेचा रस्ता करणें त्यास भाग पडलें. बोरघाटांतून चाकाच्या गाड्या नीट जाऊं शकतील असा रस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां, खुला झाला. मुंबईच्या सहलीस जातांना मुलें ज्या घाटांत खिडकीबाहेर डोकें काढून आमच्या जिवास घोर लावतात, तोच हा घाट.

आतां घाटाची मुख्य अडचण पाहा. कोंकण व देश यांच्या पातळींत तेथें ढोबळ मानानें ६०० मीटरांचा फरक आहे. ती उंची कमी करणें कोणाच्याही हातीं नाहीं. इंजिनियराच्या हातीं एवढेंच असतें कीं, ती उंची किती लांबीवर वांटावयाची. डोंगराळ मुलुखांतील रस्त्यास आपल्या देशांत साधारणपणें विसांत एक, म्हणजे २० मीटर पुढें गेल्यावर १ मीटर वर, इतका चढ देतात. फारच अडचण पडली तर चौदांत एकच्या आसपास जातात. सपाट मुलुखांत तिसांत एकवर समाधान मानतात. विसांत एकच्या हिशेबानें ६०० मीटर चढावयास १२ किलोमीटर रस्ता लागतो, आणि डोंगराची कड तर समोर दोन-तीन कोसांवर उभी असते. म्हणून रस्ता सापासारखा मागें-पुढें फिरवावा लागतो. घाट नागमोडी असतो तो शोभेसाठीं नव्हे, भागाकारामुळें.

विसांत एक हा आंकडा फार सौम्य वाटतो खरा. परंतु दहा टनांचा ट्रक त्या चढावर चढत असतो, तेव्हां इंजिनास त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे अर्धा टन, सतत ओढावा लागतो. विहिरींतून अर्ध्या टनाची मोट न थांबतां बारा किलोमीटर ओढीत राहावें, तसें तें काम आहे. उतरतांना हाच अर्धा टन गाडीस पुढें ढकलतो, व त्याला आवरण्याचें काम ब्रेकांवर येतें. ब्रेक तापले कीं त्यांची पकड सुटते. ज्या गियरवर घाट चढावा त्याच गियरवर उतरावा, असें जुने ड्रायव्हर सांगतात, त्याचें कारण हेंच. आगगाडीची स्थिति याहून नाजूक, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड थोडी. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. त्याचा सर्वांत कडक चढ सदतिसांत एक आहे, आणि तेवढ्यासाठींही गाडीस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात.

घाटाच्या टोंकाशीं रस्ता जेथें जवळ जवळ उलटा फिरतो, त्या आकड्यासारख्या वळणावर आणखी एक काळजी घेतात. वळतांना गाडीचा कांहीं जोर वळण्यांतच खर्च होतो, म्हणून तेवढ्या भागांत चढ सौम्य करून चाळिसांत एक इतकाच ठेवतात, व आंतल्या कांठाची त्रिज्या १४ मीटरांहून कमी होऊं देत नाहींत.

येथून आम्ही आमच्या मुख्य विषयाशीं, म्हणजे वळणाशीं, आलों. सुतळीच्या टोंकास खडा बांधून गरगर फिरवा; सुतळी हातास ताण देते. सुतळी तुटली तर खडा सरळ, स्पर्शरेषेच्या दिशेनें, निघून जातो. धांवत्या गाडीचा स्वभाव त्या खड्यासारखाच आहे: तिला सरळ जावयाचें असतें. तिला आंत ओढणारी सुतळी कोठें आहे? एक सुतळी म्हणजे टायर व रस्ता यांमधील घर्षण. दुसरी सुतळी इंजिनियर स्वतः तयार करितो. तो वळणाचा बाहेरचा कांठ उंच उचलतो, म्हणजे गाडी आंतल्या बाजूस कलते व तिच्या वजनाचाच कांहीं अंश तिला केंद्राकडे नेतो. सर्कशींतील विहिरींत मोटारसायकल भिंतीवरून धांवते ती घर्षणाच्या जोरावर. येथें रस्ताच थोडासा भिंत होतो.

या दोन्ही सुतळ्या मिळून पुरेशा आहेत किंवा नाहींत, हें एका सूत्रानें कळतें. वेग दर तासीं किलोमीटरांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, आणि १२७ व त्रिज्या (मीटरांत) यांच्या गुणाकारानें त्यास भागावें. जो अंक येईल तो रस्त्याचा कल व घर्षणाचा अंक यांच्या बेरजेइतका किंवा तिच्याहून कमी असला पाहिजे. १२७ कोठून आले, असें चौकस विद्यार्थी विचारील: गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ व ३.६ चा वर्ग यांचा तो गुणाकार आहे, ३.६ हे किलोमीटर-तासांचे मीटर-सेकंद करण्याकरितां लागतात. आपल्या देशांतील नियमांत घर्षणाचा अंक ०.१५ धरतात, व मैदानी रस्त्यावर कल जास्तींत जास्त शंभरांत ७ ठेवतात. कल याहून अधिक कां नसावा? त्याच रस्त्यावरून माथ्यापर्यंत ऊस रचलेली गाडी बैलांच्या चालीनें जात असते. तिला वेग नाहीं, म्हणून बाहेर जाण्याची ओढही नाहीं. कल फार झाला तर ती आंतल्या बाजूस कलंडेल. वेगवान मोटारीची सोय पाहतांना मंद गाडीचा जीव सांभाळणारा हा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणजे दोहोंची बेरीज ०.२२ झाली. आतां गणित करून पाहा. ताशीं ५० किलोमीटर वेगास त्रिज्या ९० मीटर हवी. ताशीं १०० किलोमीटरांस ३६० मीटर. वेग दुप्पट झाला, त्रिज्या चौपट झाली. "वर्ग" हा एवढासा शब्द. पण मोटारसायकलवर बसलेल्या कोणत्याही तरुणाच्या शरीरास त्याची जाणीव नसते. आपण थोडेसेच अधिक वेगांत आहों, असें त्यास वाटतें, आणि वळणाची मागणी मात्र त्याच्या नकळत वाढलेली असते.

वळणासंबंधीं आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. सरळ रेषेस वर्तुळाचा कंस एकदम जोडला, तर भूमितीच्या वहींत तो सुबक दिसतो. परंतु रस्त्यावर त्या स्पर्शबिंदूशीं ड्रायव्हरास चक्र एका क्षणांत फिरवावें लागेल, आणि तें मनुष्याच्या हातून होत नाहीं. म्हणून दोहोंच्या मध्यें एक सर्पिल वक्र घालतात, ज्याची त्रिज्या अनंतापासून हळूं हळूं कमी होत वर्तुळाच्या त्रिज्येवर येते. त्याच लांबींत बाहेरचा कांठही क्रमाक्रमानें वर उचलतात. दुसरी गोष्ट रुंदीची. वळतांना गाडीचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत, आंतून जातात. खोटें वाटेल त्यानें सायकलचीं चाकें पाण्यांत भिजवून शाळेच्या पटांगणांत एक वळण घ्यावें व दोन ओल्या रेघा पाहाव्या. पुढच्या व मागच्या आंसांत सुमारें ६ मीटर अंतर असलेली मोठी गाडी ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ३५-३७ सेंटिमीटर आंत सरकते. म्हणून वळणावर रस्ता अधिक रुंद करावा लागतो.

चाकानंतर डोळा. समोर म्हैस आडवी आली, ती दिसली, ती म्हैस आहे हें मनास पटलें, पाय ब्रेकवर गेला, इतक्या गोष्टींस अडीच सेकंद लागतात असें रस्त्याच्या हिशेबांत धरतात. "मला इतका वेळ लागत नाहीं", असें वर्गांतील प्रत्येक मुलगा म्हणतो. कदाचित् नसेल लागत. परंतु रस्ता दमलेल्या, वृद्ध व विचारांत गढलेल्या माणसांसाठींही असतो. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी या अडीच सेकंदांत ६९ मीटर पुढें गेलेली असते, आणि ब्रेकनें अद्याप कांहींच केलेलें नसतें. त्यापुढें थांबावयास ११०-११२ मीटर. एकूण सुमारें १८०. ताशीं ५० ला हेंच अंतर ६० मीटर होतें. रस्त्याच्या प्रत्येक बिंदूवरून तितकें पुढचें दिसलेंच पाहिजे, हा नियम. म्हणून टेकाडाचा माथा टोंकदार न ठेवतां परवलयाच्या आकारानें गोल करितात, व हिशेबांत ड्रायव्हराचा डोळा १.२ मीटर उंचीवर आणि रस्त्यांत पडलेला दगड १५ सेंटिमीटर उंच मानतात. खोलगट जागीं रात्रीं दिव्यांचा झोत कोठवर पोंचतो तें पाहतात. आणि वळणाच्या आंतली बाजू मोकळी ठेवतात. निदान ठेवावी असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. प्रत्यक्षांत तेथें बाभूळ वाढते, टपरी येते, आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फलक उभा राहतो. त्या फलकावर हसणाऱ्या मंडळींस आपण नेमके कोणाच्या डोळ्यांपुढें उभे आहों, याची कल्पना नसते.

सन २०२२ मध्यें भारतांतील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

येथवर रस्त्याचा आकार झाला. आतां त्याचें शरीर. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील रस्ते इतके वाईट होते, कीं गाडी चिखलांत रुतणें हीच प्रवासाची रीत होती. त्या काळांत टेलफर्ड व मॅकॅडम या दोन स्कॉटिश गृहस्थांनीं दोन मतें मांडलीं. टेलफर्डनें खालीं मोठ्या दगडांचा भक्कम पाया घातला. आपल्याकडे ज्यास सोलिंग म्हणतात तेंच. मॅकॅडम म्हणाला, पायाची गरज नाहीं; ओझें शेवटीं जमीनच सोसते, व ती कोरडी राहिली तर सोसण्यास समर्थ असते. म्हणून जमीन आजूबाजूहून उंच घ्यावी, पाणी निघून जाऊं द्यावें, आणि वर हातानें फोडलेली धारदार खडी पसरावी. एकही दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारें १७० ग्रॅमांहून, जड नसावा. असे दगड चाकांच्या दाबाखालीं एकमेकांत गुंततात. आमच्या लहानपणीं रस्त्याच्या कडेला बाया हातोडीनें खडी फोडीत बसलेल्या असत; त्यांच्या हातून मॅकॅडमचेंच शास्त्र चाललें होतें. पुढें मोटारी आल्या. बैलगाडीची लोखंडी धांव खडीचा भुगा करून फटी भरीत असे. मोटारीचें रबरी टायर तोच भुगा उडवून लावूं लागलें व खडी उघडी पडली. तेव्हां तिला डांबरानें बांधणें भाग पडलें.

डांबर म्हणजे रस्ता, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः डांबराचा थर हें छप्पर आहे. ट्रकाचें टायर जेथें टेकतें तेथें दर चौरस सेंटिमीटरवर सात-आठ किलोग्रॅमांचा दाब येतो. ओली माती त्याखालीं लोण्यासारखी दबेल. म्हणून मध्यें थरांवर थर घालतात: खालीं मुरूम, त्यावर खडी, त्यावर डांबरी खडी. प्रत्येक थर वरून आलेला दाब अधिक रुंद जागेंत पसरून खालीं देतो, व मातीपाशीं पोंचेपर्यंत तो तिला पेलेल इतका सौम्य होतो. किती जाडी हवी, हें मातीवर अवलंबून. १९२९ च्या सुमारास कॅलिफोर्निया प्रांतांत मातीची शक्ति मोजण्याची एक सोपी पद्धति निघाली: एक लोखंडी दांडा मातींत ठराविक खोलीपर्यंत दाबावा, लागलेला जोर पाहावा, व फोडलेल्या उत्तम खडीचा जोर १०० मानून त्याच्याशीं तुलना करावी. चार दिवस पाण्यांत भिजविलेल्या आपल्या काळ्या मातीचा आंकडा बहुधा दोन ते चार येतो. जी काळी माती आपणांस ज्वारी-कापूस देते, तीच रस्त्याची मोठी वैरीण आहे. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्या पाठीवर बसलेला रस्ता तिच्याबरोबर वरखालीं होतो.

त्यांतही पाणी आंत शिरलें म्हणजे संपलेंच. म्हणून रस्त्याची पाठ मधोमध उंच ठेवतात. डांबरी रस्त्यास साधारण शंभरांत दोन-अडीच, साध्या मातीच्या रस्त्यास तीन-चार. बाजूस चर, ठिकठिकाणीं मोऱ्या. आमच्या पाहण्यांतील एका खेड्याचा नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यांत उखडला. लोकांनीं डांबरास नांवें ठेवलीं, परंतु तेथें चरच खणलेला नव्हता. डांबर कोणाच्याही नजरेस पडतें, चर पडत नाहीं. म्हणून खर्चांतून प्रथम तो गळतो.

आणि ओझें. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील ऑटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून रात्रंदिवस ट्रक फिरविले, व रस्ते कसे मोडतात तें मोजलें. असें आढळलें कीं, आंसावरील वजन दुप्पट केलें तर रस्त्याची हानि दुप्पट होत नाहीं, सुमारें सोळापट होते. म्हणजे वजनाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते. परवान्याहून अधिक वाळू भरलेला एक ट्रक किती शिस्तीच्या ट्रकांइतका रस्ता खातो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं घरीं वडिलांसमोर करून दाखवावा.

काँक्रीटच्या रस्त्याची तऱ्हा निराळी. चिखलावर लांकडी फळी टाकली कीं आपण तीवरून चालत जातों. फळी वांकत नाहीं, व आपलें वजन तिच्या साऱ्या लांबीवर पसरतें. काँक्रीटची लादी ही ती फळी होय. तिचें दुखणें म्हणजे ऊन: दुपारीं तिचा वरचा पृष्ठभाग तापून फुगतो, खालचा थंड राहतो, आणि लादी वांकूं पाहते. म्हणून ठराविक अंतरावर सांधे ठेवून तिला आधींच कापतात. २००२ सालीं पूर्ण झालेला सुमारें ९४ किलोमीटरांचा मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग काँक्रीटचा आहे. त्यावरून जातांना चाकांखालीं ठरलेल्या तालानें होणारा आवाज हा त्या सांध्यांचा.

रस्त्यांचा पैसा व मालकी यांविषयीं दोन शब्द, कारण पुढील हकीकतींत त्यांचें काम आहे. १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. पेट्रोलवरील जादा कर रस्त्यांसाठीं राखून ठेवावा, अशी शिफारस तिनें १९२८ सालीं केली; इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थाही १९३४ सालीं त्यांतूनच निघाली. वर दिलेले आंकडे तिच्याच नियमांतील आहेत. पुढें १९४३ सालीं नागपुरास प्रांतोप्रांतींच्या मुख्य इंजिनियरांची परिषद भरली व तिनें देशांतील रस्त्यांची राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे रस्ते व खेड्यांचे रस्ते अशी वर्गवारी केली. तीच थोड्या फरकानें आजही चालू आहे. प्रत्येक वर्गाची कचेरी वेगळी. म्हणून तक्रार करण्यापूर्वीं आपला रस्ता कोणत्या वर्गाचा, हें विचारून घ्यावें लागतें.

आतां तो शनिवार. अठरा विद्यार्थी होते, व दोन शिक्षक लाल फडकीं घेऊन दोन टोंकांस उभे होते. आम्हीं वळणाच्या आंतल्या कांठावर २० मीटर सुतळी ताणली. ती साइडपट्टीवरून जाते, म्हणून मुलांस रस्त्यावर यावें लागत नाहीं. सुतळी ही जीवा. तिच्या मध्यापासून रस्त्याच्या कांठापर्यंतचें अंतर म्हणजे शर. आपल्या जुन्या गणितांत यास हेंच नांव आहे, आणि दोन शरांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो, हा नियम इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानें दिला आहे. तीन ठिकाणीं मोजून शराची सरासरी १ मीटर आली. अर्धी जीवा १०, तिचा वर्ग १००. दुसरा शर १००. दोन्ही मिळून व्यास १०१ मीटर. त्रिज्या झाली साडेपन्नास. हिशेबाकरितां आम्हीं ५० धरली.

नंतर गवंड्याकडून आणलेल्या पाण्याच्या नळीनें उंची पाहिली. साडेपांच मीटर रुंदीच्या रस्त्यावर बाहेरचा कांठ आंतल्याहून ३८ सेंटिमीटर उंच असावयास हवा होता. दोन्ही कांठ सारखे निघाले व मध्य त्यांच्याहून ७ सेंटिमीटर उंच. म्हणजे सरळ रस्त्याची पाठ तशीच वळणांतून पुढें नेली होती. गांवाकडून येणारास तें वळण उजवीकडे आहे. तो डाव्या बाजूनें, म्हणजे बाहेरच्या अर्ध्यावरून जातो, आणि तो अर्धा त्यास आंत ओढण्याऐवजीं बाहेर ढकलतो. घर्षणाच्या ०.१५ मधून हा उलटा कल ०.०२५ वजा केला, व सूत्रांत घातला. सुरक्षित वेग आला ताशीं २८ किलोमीटर. कल योग्य असता तर ३७ आला असता. आणि त्यापूर्वींचा रस्ता दोन किलोमीटर सरळ आहे. तेथें ताशीं ६० नें कोणीही येतो. ६० ला त्रिज्या १२९ मीटर हवी. एका मुलास पुढें चालवीत नेलें. ४५ मीटरांवर तो उभ्या उसाआड दिसेनासा झाला. ६० ला थांबावयास ८० मीटर लागतात. सूचनेचा फलक तर नव्हताच.

०.१५ हा सावधगिरीचा आंकडा आहे, हेंही आम्हीं मुलांस सांगितलें. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर चांगलें टायर त्याच्या तिप्पट-चौपट पकड देतें, म्हणूनच तेथून रोज शेंकडों लोक सुखरूप जातात. त्या संध्याकाळीं रस्ता ओला होता, व शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांची माती त्यावर पडलेली होती. आमचें गणित संपलें तेव्हां मुलें कांहीं वेळ बोललीं नाहींत. मृताचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेंत आहे. तो त्या दिवशीं आला नव्हता, व आम्हींही त्यास बोलाविलें नव्हतें.

मुलांनीं नकाशा काढला, आंकडे मांडले, आणि ज्या कचेरीकडे तो रस्ता आहे तिला पत्र लिहिलें. शेतमालकास आम्ही जाऊन भेटलों. त्यांनीं शर वगैरे कांहीं विचारलें नाहीं. मुलगा कोणाचा, एवढें विचारलें, आणि कांठाच्या दोन सऱ्या मोकळ्या सोडल्या. कचेरीचें उत्तर चौथ्या महिन्यांत आलें. मे महिन्यांत डांबरीकरणाच्या वेळीं बाहेरचा कांठ उचलला गेला व ताशीं ३० चा फलक लागला. आम्हीं पुन्हां नळी लावून पाहिली: ३६ सेंटिमीटर. मागच्या बांकावरचा तो विद्यार्थी नळीचें एक टोंक धरून होता. त्रिज्या अर्थातच ५० च आहे. ती वाढवावयाची तर उसाची जमीन घ्यावी लागेल. जून महिन्यांत मात्र एक नवीन गोष्ट त्याच्याच लक्षांत आली. पूर्वीं पाणी रस्त्याच्या दोन्ही अंगांस वांटून जात असे. आतां तें सगळें आंतल्या कांठाशीं येऊन उभें राहतें, आणि तेथें चर नाहीं. त्याबद्दलचें दुसरें पत्र सध्यां वर्गांत लिहिलें जात आहे.